उरेब

न्यू बेडफर्डच्या वाचनालयाच्या काचेपाशी झेफेरिनोचा तोल गेला. रस्ता सपाट होता, बर्फ कधीच वितळून गेलं होतं, आणि त्याच्या हातात पाल्याची जुडी आणि लिंग्विसा सॉसेजची पुडी यांपलीकडे काही ओझं नव्हतं. नेहमीच्या चालीने तो घरी निघाला होता. काचेत लावलेल्या मोठ्या निळ्या नकाशाकडे त्याची नजर गेली आणि त्याचा डावा खांदा एकदम खाली झुकला, बोटीला बाजूने लाट लागली की झुकतो तसा. त्याने काचेला हात टेकला. आत एक बाई पुस्तकं लावत होती. तिने वर बघून मान हलवली. आपणही मान हलवावी हे त्याला जरा उशिरा सुचलं. तोवर ती पुन्हा पुस्तकांकडे वळली होती. माणसांना वेळेवर उत्तर देणं हे त्याच्या घरात त्याच्या बायकोचं, देओलिंडाचं काम होतं.

नकाशा समुद्राचा होता. खाली लिहिलं होतं की पवनचक्क्यांबद्दलची जनसुनावणी आज संध्याकाळी शाळेच्या सभागृहात होईल. निळ्या रंगावर काळे ठिपके होते, एक ठिपका म्हणजे एक खांब. ठिपके ओळीत होते, पण ओळी तिरप्या होत्या, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे गेलेल्या. त्याने डोळे मिटले तरी त्या तिरप्याच राहिल्या आणि त्याचा खांदा पुन्हा ओढला गेला. ठिपक्यांच्या मधून त्याने मनातल्या मनात आपली बोट आणली. मागे जाळं सोडलं, जाळ्याचं तोंड फाकवणाऱ्या दोन्ही लोखंडी फळ्या तळाला टेकल्या, आणि तो पूर्वेकडून पश्चिमेकडे निघाला, जसा गेली सारी वर्षं निघत आला होता. पहिला खांब उजव्या हाताला गेला. दुसरा समोरच आला. त्याने मनातलं इंजिन बंद केलं आणि काचेवरचा हात काढला. काचेवर त्याच्या पंजाचा ठसा राहिला, तो बाहीने पुसायला लागला तर आणखी पसरला.

तिथल्या पाण्यात ओळी होत्या हे कुणाला सांगून पटण्यासारखं नव्हतं. पूर्वी बोटींवर एक यंत्र असायचं. किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांचे संदेश पकडून ते आकडे दाखवायचं, आणि एकाच आकड्यावर बोट ठेवली की बोट जवळपास सरळ पूर्व-पश्चिम जायची. पुढे सरकारने मनोरे बंद केले, यंत्रं भंगारात गेली, नवीन यंत्रं आली. पण कोळ्यांच्या तोंडातले आकडे गेले नाहीत. अजूनही धक्क्यावर कुणी म्हणे, 'नऊशेवर माकूळ लागलंय,' आणि कुठे ते सगळ्यांना कळे. देओलिंडा म्हणायची, माझ्या नवऱ्याला लग्नाची तारीख आठवत नाही, नऊशे मात्र झोपेतही आठवतं. ती कारखान्यात शर्ट शिवायची. तिची आई शिवायची, बहीण शिवायची, या गावातल्या निम्म्या बायका त्या विटांच्या लांबच लांब गिरण्यांमध्ये मान खाली घालून शिवायच्या आणि संध्याकाळी दोरे अंगावर घेऊन घरी यायच्या. झेफेरिनोला ते दोरे उचलायची सवय होती. ती दारात उभी राहायची आणि तो तिच्या खांद्यावरचे, केसांतले दोरे एकेक करून काढायचा. आता रोज संध्याकाळी त्याच वेळेला त्याच्या बोटांना काही काम नसे आणि ती आपोआप एकमेकांवर घासत.

घरी येऊन त्याने पाला धुतला. सूप दोघांपुरतंच व्हायचं, त्याला कमी करता येत नव्हतं. उरलेलं तो दुसऱ्या दिवशी खायचा आणि त्यामुळे रोज शिळंच खातोय असं त्याला वाटायचं. पाला चिरताना त्याला इस्पितळातला झगा आठवला. शेवटच्या आठवड्यात देओलिंडा फारसं बोलत नव्हती. तिची बोटं मात्र चादरीच्या काठावर चालत राहायची, दोन काठ एकमेकांवर आणून चिमटीत धरायची, पुन्हा सोडायची. एका दुपारी तिने अंगावरच्या झग्याकडे बघितलं, खालचा घेर हातात घेतला आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "उरेब कापलाय कुणीतरी. म्हणून लोंबतोय बघ हा." कापड धाग्याला तिरपं कापलं की गिरणीतल्या बायका त्याला उरेब म्हणत. तो हसला होता. तीही हसली होती. त्यानंतर ती जे बोलली ते शब्द नव्हते. लोक विचारायचे, शेवटी काय म्हणाली? तो सांगायचा, काही नाही. झग्याबद्दल बोलली हे सांगायला त्याला लाज वाटत नव्हती, पण ऐकणाऱ्याचा चेहरा पडेल अशी भीती वाटायची. तिला देवाबद्दल किंवा त्याच्याबद्दल काही म्हणायचं असतं तर ती आधीच म्हणाली असती. ती कामाचं बोलली. त्याला ते बरं वाटलं होतं.

मेव्हणी फिलोमेना दार न वाजवता आली. तिच्या थोरल्या मुलाचा झेफेरिनो धर्मपिता होता, म्हणून ती त्याला नावाने हाक न मारता कंपाद्रे म्हणायची. रागावली की मात्र नावावर यायची.

"अजून बनियनवर? झेफेरिनो, सुनावणी आज आहे, पुढच्या ईस्टरला नाही."

"तू जा. बोलणारे खूप आहेत तिथे."

"बोलणारे आहेत, म्हणून तर. ओरडून ओरडून घसे बसवतील आणि घरी येतील. तुझी नऊशेची ओळ कोण सांगणार? मी? मला समुद्रात घोट्यापलीकडे पाणी आवडत नाही."

"मला बोलता येत नाही, मेना."

"माहीत आहे. माझ्या बहिणीने तुझ्याकडून लग्नाला हो म्हणवून घेतलं ते मानेवरूनच." तिने कपाट उघडलं आणि चौकड्यांचा शर्ट काढला. "हा घाल. आणि मी लिहून आणलंय सगळं. वाचून दाखव, बाजूला हो. पाद्रीसुद्धा वाचूनच बोलतो."

तिने कागदाची घडी त्याच्या हातात दिली. शर्ट देओलिंडाने शिवलेला होता, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा. कारखान्यात खिसे लावताना कुणी रेघा जुळवत बसत नसे, वेळ नसे. घरी मात्र ती खिशाचं कापड शर्टावर ठेवून सरकवत राहायची, रेघेवर रेघ बसेपर्यंत. मग दाताने दोरा तोडायची आणि म्हणायची, "जुळलं." तो खिसा कुणालाही दिसायचा नाही. बोटीवरची पोरं पैज लावायची, कप्तानाच्या शर्टाला खिसा आहे की नाही. त्याने शर्ट घातला आणि कागद खिशात टाकला. बोटांना खिसा पहिल्यांदा लागला नाही, मग लागला.

वाटेत फिलोमेना बोलत होती आणि तो वॉर्ड सिसनचा विचार करत होता. सिसन शेवंडवाला होता, म्हणजे लॉब्स्टर धरणारा, पलीकडच्या वेस्टपोर्टचा, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. त्याचे पिंजरे दोरीला बांधून ओळीने तळावर पडलेले असत, आणि झेफेरिनोचं जाळं तळ घासत जात असे. तरुणपणी झेफेरिनोने एकदा त्याच्या पिंजऱ्यांची अख्खी माळ ओढून नेली होती. मुद्दाम नाही, धुकं होतं. सिसनने नंतर त्याच्या जाळ्याला सुरी लावली. ते मात्र मुद्दाम होतं. पुढे कोण कुणाचं काय कापतंय याचा हिशेब राहिला नाही. मग पवित्र आत्म्याच्या सणाला, सगळं गाव हॉलमध्ये सूप आणि पाव खायला बसलेलं असताना, सिसन हातात तुटकी दोरी घेऊन दारात येऊन उभा राहिला. झेफेरिनो उठला. त्याच्याआधी देओलिंडा उठली. त्या सणाला दारात आलेल्या माणसाला न जेवता परत पाठवत नाहीत. तिने सिसनच्या हातातली दोरी काढून खुंटीला अडकवली, त्याला झेफेरिनोच्या समोर बसवलं आणि ताट वाढलं. भांडायला आलेला माणूस, पण मांसाचा रस्सा, पुदिना, भिजलेला पाव असं सगळं समोर आल्यावर खायला लागला. खाऊन झाल्यावर तिने ताटं बाजूला सारली. टेबलावरची चादर पट्ट्यापट्ट्यांची होती, एक निळी, एक पांढरी. तिने निळ्या पट्टीवर पावाचे तुकडे मांडले आणि पांढऱ्या पट्टीवरून चमचा ओढत नेला. "निळी तुझी, पांढरी याची," ती सिसनला म्हणाली. "एका पट्टीवर पिंजरे, एका पट्टीवर जाळं. दोन्ही सरळ. तिरपं कुणी जायचं नाही." सिसनने चादरीकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं आणि आणखी सूप मागितलं. त्यानंतर त्या पाण्यातल्या सगळ्याच बोटी हळूहळू तसंच करू लागल्या, ठरावीक आकड्यांवर पिंजरे, मधल्या आकड्यांवर जाळी. कुठे लिहिलेलं नव्हतं. सिसनशी त्याची मैत्री झाली नाही. वर्षानुवर्षं ते रेडिओवर दोन शब्द बोलायचे, धक्क्यावर तेवढेही नाहीत. देओलिंडाच्या दफनाला सिसन आला होता, पण मागच्या मागे निघून गेला.

आता लोक म्हणत होते की सिसनचं फावणार. खांबांच्या पायथ्याशी दगड टाकतात, दगडात शेवंड घर करतात, पिंजरे कुठेही टाकता येतात. तिरप्या ओळी असोत की सरळ, शेवंडवाल्यांना फरक नाही. उलट जाळंवाले निघून गेले तर सगळं पाणी त्यांचंच. झेफेरिनोला राग आला नाही. एवढंच कळत होतं की ओळी तिरप्या राहिल्या तर त्याला बोट विकावी लागेल. बोटीचं नाव देओलिंडा होतं, आणि नाव पुसून देतात की नावासकट देतात हे त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

सभागृह भरलेलं होतं. कंपनीची इंजिनिअर डेन्मार्कची होती, मारेन नावाची, उंच, आवाज शांत. तिने सांगितलं की इथला वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो. खांब सरळ ओळीत उभे केले तर एकाच्या आडोशाला दुसरा येतो, मागच्याला वारा कमी मिळतो. तिरपे ठेवले की प्रत्येकाला आपला वारा. झेफेरिनोला ते लगेच पटलं. आडोसा म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती खोटं बोलत नव्हती, आणि गावाला वीज लागते हेही खोटं नव्हतं. देओलिंडाचं मशीनही विजेवर चालायचं. गावातली पोरं बंदरावर त्या खांबांच्या कामाला लागली होती, त्यांची लग्नं होत होती. मग कोळी एकामागून एक उठले आणि ओरडले. एकजण म्हणाला, समुद्र कुणाच्या बापाचा नाही. मागून कुणीतरी म्हणालं, मग तुझ्या तरी बापाचा आहे का? लोक हसले. अध्यक्षबाईंनी हातोडी आपटली. झेफेरिनोच्या कानांत गरम पाणी गेल्यासारखं झालं होतं. सगळं ऐकू येत होतं, पण लांबून. त्याला वाटलं, देओलिंडा शेजारी असती तर तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला असता, उठ असं सांगायला नाही, बस असं सांगायला. मग त्याचं नाव पुकारलं गेलं.

"झेफेरिनो म्हणजे वाराच की," मागून त्याच माणसाचा आवाज आला. "आता वारा वाऱ्याच्या विरुद्ध बोलणार."

माइकसमोर उभा राहून त्याने कागदासाठी छातीवर हात नेला. खिसा सापडेना. त्याने बोटं वर नेली, खाली आणली, डावीकडे सरकवली. चौकडी, चौकडी, चौकडी. उजव्या बाजूलाही चाचपलं, तिथे तर खिसा नव्हताच. पुढच्या रांगेत फिलोमेनाने कपाळाला हात लावला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "वेळ घ्या." घामाने बोटं ओली झाली होती आणि कापडावर अडकत होती.

"खिसा सापडत नाही," तो माइकमध्ये म्हणाला.

सगळे हसले. त्यालाही हसू आलं. किती दिवसांनी ते त्याच्या लक्षात आलं नाही, पण गालांना ओळखीचं वाटलं नाही.

"माझ्या बायकोने शिवलाय," तो म्हणाला. "ती रेघेवर रेघ बसवायची. शर्टाची रेघ जिथे संपते तिथून खिशाची सुरू. म्हणून खिसा आहे, पण दिसत नाही. आड येत नाही." तो थांबला. "समुद्रातही रेघा आहेत. पूर्व-पश्चिम. एका पट्टीवर पिंजरे, मधल्या पट्टीवर आमची जाळी. तुमचे खांब पिंजऱ्यांच्या पट्टीवर सरळ लावा, आम्ही मधून जाऊ. आम्हाला ते दिसणारसुद्धा नाहीत. पण तुम्ही तसं केलं नाही. तुम्ही समुद्र उरेब कापलाय."

आधी एक म्हातारी हसली. मग तिच्या शेजारची. सभागृहात जागोजागी बायका हसायला लागल्या, गिरणीतल्या बायका, त्यांच्या मुली, आणि तो हशा चेष्टेचा नव्हता. कुणीतरी म्हणालं, "लोंबणारच मग." अध्यक्षबाईही हसत होत्या. मारेनने शेजारी बसलेल्या माणसाला विचारलं आणि त्याला सांगता येईना. तेव्हा फिलोमेना उठून तिच्यापाशी गेली, गळ्यातला रुमाल काढला आणि सरळ ताणला. ताणला गेला नाही. मग कोपऱ्यातून तिरपा ओढला. रुमाल लांबला, वाकडा झाला. मारेनने तो हातात घेतला आणि स्वतः ओढून बघितला.

"कळलं," ती म्हणाली. "पण सरळ लावले तर वारा वाया जाईल. आणि एकट्या जाळ्यांसाठी ओळी फिरवायच्या का, हाही प्रश्न आहे. शेवंडवाल्यांनी आम्हाला कळवलंय की त्यांना तिरप्याची अडचण नाही."

माना मागे वळल्या. वॉर्ड सिसन शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला होता, टोपी गुडघ्यावर. झेफेरिनोने बघितलं नाही. त्याने माइकची दांडी धरून ठेवली. ती गार होती. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी नाही कळवलं," सिसन म्हणाला.

"आपण शेवंड धरता?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बाप धरायचा, आजा धरायचा, मीही धरतो. तिरपे खांब लावा, माझा फायदाच आहे. मला शेवंड मिळतील आणि हा दिसणार नाही. दोन्ही चांगलंच." लोक हसले. त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "पण निळी पट्टी माझी, पांढरी याची. तसं ठरलंय."

"कुठे लिहिलेलं आहे का?"

"टेबलाच्या चादरीवर," सिसन म्हणाला. "ज्या बाईंनी ठरवलं त्या आता नाहीत. म्हणून काही ठरलेलं बदलत नाही. मी तिथं जेवलोय."

तो खाली बसला. झेफेरिनोला वाटलं आता काहीतरी म्हणायला हवं, पण देओलिंडाचं काम सिसनने केलं होतं आणि नीट केलं होतं. तो माइकपासून बाजूला झाला. टाळ्या केव्हा सुरू झाल्या ते त्याला कळलं नाही. जागेवर परत जाताना खांदे दोन्ही सारखे आहेत एवढं मात्र त्याला जाणवलं. सुनावणी संपल्यावर दारापाशी सिसनच्या शेजारून जाताना तो थांबला.

"सूप आहे घरी," तो म्हणाला. "दोघांपुरतं."

"शिळं?"

"आजचंच."

सिसनने टोपी घातली आणि त्याच्याबरोबर चालू लागला.

हिवाळ्याच्या तोंडावर मारेन नवीन नकाशा घेऊन धक्क्यावर आली. ओळी सरळ होत्या, पूर्व-पश्चिम, एकमेकींपासून लांब. खांब कमी झाले होते. तिने नकाशा जाळ्यांच्या ढिगावर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर बूट ठेवला. "थोडा वारा सांडेल," ती म्हणाली. "थोडे मासे आम्हीही सांडतो," झेफेरिनो म्हणाला. सगळेच खूश नव्हते. काही बोटवाले म्हणाले, सरळ असोत की तिरपे, धुक्यात आम्ही त्या खांबांत पाय ठेवणार नाही, आणि त्यांचंही चूक नव्हतं. पण वेस्टपोर्टचे शेवंडवाले आणि न्यू बेडफर्डचे जाळंवाले त्या दिवशी एका नकाशावर वाकून उभे होते, एकमेकांच्या खांद्यांवरून बोट दाखवत होते, आणि हे बघायला गावातली माणसं धक्क्यावर आली होती.

खांब उभे राहायला वर्षं गेली. मग एका सकाळी 'देओलिंडा' नोमन्स बेटाच्या दक्षिणेला पोचली. आभाळ स्वच्छ होतं. झेफेरिनोने चौकड्यांचा शर्ट घातला होता, कोपरांवर विरलेला. समोर खांबांचं रान होतं, पांढरं, पाती सावकाश फिरत होती, आणि लांबून बघताना त्याच्या डाव्या खांद्याला पुन्हा ती जुनी ओढ लागली, सगळं अस्ताव्यस्त, कुणीतरी मूठभर काड्या फेकल्यासारखं. जाळं पाण्यात गेलं. तार सुटली, ताणली, फळ्या तळाला टेकल्याचा धक्का तळपायात आला. त्याने सुकाणू पश्चिमेला धरलं आणि नऊशेवर आणलं. नवं यंत्र तो आकडा दाखवत नव्हतं. त्याला त्याची गरज नव्हती.

"झेफ," रेडिओवर सिसनचा आवाज आला. त्याची बोट उत्तरेला होती, पिंजरे उचलत. "पांढऱ्यातच आहेस ना?"

"पांढऱ्यातच."

"बघ हं. निळ्यात आलास तर सुरी आहे माझ्याकडे अजून."

बोट ओळीवर आली तशी समोरची काड्यांची मूठ हलायला लागली. डावीकडची ओळ एकेक करून मागे सरकू लागली. तिसरा खांब दुसऱ्याच्या मागे गेला, दुसरा पहिल्याच्या. उजवीकडेही तसंच. मधलं पाणी उघडं पडत गेलं, सरळ, रुंद, क्षितिजापर्यंत निळं-करडं, कुठेही काही आड न आलेलं, आणि ज्या जागी इतके खांब होते तिथे आता दोन्ही बाजूंना एकेकच उभा दिसत होता. बाकीचे होते. दिसत नव्हते. तार एकसुरात गुणगुणत होती, जाळं भरत असल्याची ती जड, गोड ओढ बोटीच्या पाठीत आली होती. त्याचा उजवा हात छातीवर गेला. बोटं चौकडीवरून एकदाही न अडखळता सरकली आणि खिशात उतरली. फिलोमेनाचा कागद अजून तिथेच होता, धुऊन धुऊन मऊ झालेला, न वाचलेला.

"जुळलं," तो म्हणाला.

डाव्या हाताखाली रेडिओचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. सगळ्या बोटींवर ऐकू गेलं.

"काय जुळलं?" सिसनने विचारलं.

"खिसा," झेफेरिनो म्हणाला, आणि मोठ्याने हसला, बटण न सोडता.